पाइपवायरवरील स्वयंचलित जोडणी : सद्यस्थिती

लिनक्सची ध्वनिव्यवस्था असलेल्या पाइपवायरवर, आर्डर हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम उघडल्यावर एकही जोडणी हाताने न करता ब्राउझरमधला तानपुरा एका ट्रॅकवर आणि यूएसबी इंटरफेसवरून येणारी पेटी दुसऱ्या ट्रॅकवर पोहोचावी, एवढेच या खटाटोपाचे उद्दिष्ट आहे. अडचण अशी, की ब्राउझर पल्सऑडिओ या डेस्कटॉपच्या ध्वनिसेवेशी बोलतो, आर्डर माझ्याकडे जॅक या संगीतकामाच्या ध्वनिसेवेवर चालतो आणि प्रत्यक्ष ध्वनिकार्ड अल्सा या लिनक्सच्या गाभ्यातल्या ध्वनियंत्रणेच्या ताब्यात असते.

पूर्वी जॅक डी-बस या प्रोग्रॅमांमधल्या संदेशमार्गावरून कार्ड मागून घेई, पल्सऑडिओ ते सोडून देई आणि त्याचे एक मॉड्यूल जॅक सुरू झाल्याचे ओळखून डेस्कटॉपचा आवाज तिकडे वळवी. दुसरे कार्ड जोडायचे झाल्यास दोन घड्याळांतला फरक सांभाळणारे वेगळे साधन लागे. २०२१ मध्ये फेडोरा ३४ या लिनक्स वितरणाने पाइपवायर हीच मूळ ध्वनिव्यवस्था केली, २०२३ च्या नोव्हेंबरात तिची १.० आवृत्ती आली, आणि आता पल्सऑडिओ व जॅक या दोहोंचे प्रोग्रॅम एकाच आलेखात, म्हणजे जोडण्यांच्या जाळ्यात, नोड (जोडबिंदू) म्हणून दिसतात. त्यामुळे दोहोंमधल्या पुलाचा प्रश्न मिटला. कोणाला कोणाशी आणि किती लेटन्सीवर (विलंबावर) जोडायचे, हे ठरवण्याचे काम तेवढे उरले.

तानपुऱ्यासाठी पाइपवायरच्या लूपबॅक मॉड्यूलने एक आभासी सिंक, म्हणजे आवाज स्वीकारणारे काल्पनिक साधन, तयार केला. पाव्हूकंट्रोल या आवाज नियंत्रणाच्या प्रोग्रॅममधून ब्राउझरचा प्रवाह एकदा तिकडे वळवला, की पाइपवायरच्या जोडण्या सांभाळणारा वायरप्लंबर ती निवड लक्षात ठेवतो. मात्र जॅकच्या प्रोग्रॅमच्या जोडण्या वायरप्लंबर स्वतःहून करत नाही, म्हणून सिंकपासून आर्डरपर्यंतचा टप्पा क्यूपीडब्ल्यूग्राफ या जोडण्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पॅचबेकडे, म्हणजे जतन केलेल्या जोडण्यांच्या यादीकडे, सोपवला आहे. पोर्ट, म्हणजे नोडचे जोडणीचे टोक, दिसताच तो जतन केलेली जोडणी पुन्हा करतो. त्यातला ‘एक्सक्लुझिव्ह’ पर्याय मात्र बंदच ठेवावा, कारण पॅचबेमध्ये न नोंदलेली प्रत्येक जोडणी तो तोडतो आणि वायरप्लंबरने बिनबोभाट जोडलेला ब्राउझर मुका होतो. शिवाय आर्डरमध्ये ट्रॅकचे नाव बदलले की पोर्टचेही नाव बदलते आणि जतन केलेली जोडणी जुळत नाही. म्हणून ट्रॅकची नावे टेम्प्लेटमध्येच पक्की केली आहेत.

सर्वाधिक वेळ क्वांटमवर, म्हणजे एका वेळी प्रक्रिया होणाऱ्या नमुन्यांच्या संख्येवर, गेला आणि तो सार्थकी लागला, असे मला वाटते. ४८००० हर्ट्झवर १०२४ नमुन्यांचा क्वांटम म्हणजे सुमारे २१.३ मिलिसेकंद, तानपुरा नुसता ऐकायला हे चालते, पण पेटी वाजवताना हेडफोनमधला सूर बोटांच्या मागे पडतो. पाइपवायरच्या जॅकसाठीच्या नियमांत केवळ आर्डरसाठी नोडची लेटन्सी १२८/४८००० अशी लिहिल्यावर, आर्डर उघडताच पीडब्ल्यू-टॉप या देखरेखीच्या साधनात क्वांटमचा रकाना १२८ वर, म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंदांवर येतो आणि आर्डर बंद होताच पूर्ववत होतो. एकाच ड्रायव्हरखालच्या, म्हणजे एकाच घड्याळावर चालणाऱ्या, नोडपैकी ज्याची मागणी सर्वांत लहान, ती साऱ्यांना लागू होते. क्वांटमची सक्ती संपूर्ण व्यवस्थेवर करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मला पटत नाही, कारण मग नुसते गाणे ऐकतानाही प्रोसेसर विनाकारण राबतो. चुका मोजणारा ‘ईआरआर’ हा रकाना वाढू लागल्यास १२८ ऐवजी २५६ करावे.

४४१०० हर्ट्झ नमुनादराच्या जुन्या सत्रांचे काम अजून अपुरे आहे. परवानगी असलेल्या दरांच्या यादीत तो दर घातला आहे, परंतु आलेख निष्क्रिय असतानाच दर बदलतो, त्यामुळे तानपुरा वाजत असताना आर्डर उघडल्यास त्याला ४८००० च मिळतो. तूर्तास अशी सत्रे उघडण्यापूर्वी ब्राउझरचा टॅब बंद करावा लागतो.