मध्यंतराचं आइस्क्रीम

शुक्रवारी रात्री मंडळाच्या मोरीत आइस्क्रीमच्या चार लाकडी बादल्या पाण्यानं काठोकाठ भरलेल्या दिसल्या की समजायचं, उद्यापासून संगीत सभा. वर्षभर माळ्यावर पडून बादलीच्या फळ्या सुकतात, सांध्यांत फटी पडतात. रात्रभर पाणी पिऊन सागवान फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. हे विसरून थेट बर्फ भरला तर खारं पाणी झिरपून जातं, आतल्या दुधाच्या डब्याभोवती नुसते बर्फाचे खडे उरतात आणि तासभर हँडल फिरवलं तरी आतलं दूध पातळच. दूध गोठवतं ते डब्याला चहूबाजूंनी चिकटून राहिलेलं खारं, गार पाणी. सुटे खडे डब्याला जेमतेम टेकतात.

बडोद्यात गाणं ऐकणाऱ्यांना तोटा नाही. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, १९१६ साली संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली, गायक फैयाज खाँसाहेबांनी १९५० साली याच गावात देह ठेवला. त्या मानानं मंडळाची दोन दिवसांची सभा अगदी घरगुती. तिकीट नाही, जाहिरातदाराचा फलक नाही, वर्गणीत आणि पेटीतल्या देणगीत सगळं बसवायचं. गाणारे-वाजवणारे बहुतेक गावातलेच, काही नुकतेच शिकून बाहेर पडलेले. मात्र गुढीपाडव्यानंतर चैत्रातल्या एका शनिवार-रविवारी मध्यंतरात आइस्क्रीम मिळणार, आणि तेही संच्याचं, म्हणजे हातानं फिरवायच्या यंत्रातलं, हे ठरलेलं. पुण्याकडचे पाहुणे त्याला पॉट म्हणायचे. आमच्याकडे आजूबाजूच्या गुजराती बोलण्यातून आलेला संचाच रूढ झाला.

मंडळाचे चारही संचे दहा लिटरचे. बाहेर लाकडी बादली, आत धातूचा उभा डबा, डब्यात लाकडी पात्यांचा पंखा, वर आडवी लोखंडी पट्टी, तिच्यात दातेरी चाकं आणि बाजूला हँडल. हँडल फिरलं की डबा एकीकडे फिरतो आणि पंखा दुसरीकडे. डब्याच्या भिंतीवर गोठलेला पापुद्रा पात्यांनी सतत खरवडला जायला हवा. पाती झिजून भिंतीपासून सुटली की कडेला दगड होतो आणि मध्ये दूध राहतं. म्हणून पाडव्याच्या आधीच सुतार येऊन पाती पाहून जायचा. दातेरी चाकांना तेल नाही, तूप लावायचं. थेंब डब्यात पडलाच तर बिघडायला नको.

एका संच्याचं माप ठरलेलं. म्हशीचं पाच लिटर दूध आटवून चार लिटरवर आणायचं, त्यात एक किलो साखर, पाव किलो दूध पावडर, आणि गार झाल्यावर एक लिटर साय. शनिवारी चिकू, रविवारी केशर-पिस्ता. चिकू नवसारीकडचे, दीड किलो फळाचा साधारण किलोभर गर. फळ पुरतं पिकलेलंच हवं. कच्चं राहिलं तर चीक उतरतो आणि घास तुरट लागतो. गर हातानंच कुस्करायचा, छोट्या फोडी दाताखाली आल्या पाहिजेत. केशर एका संच्याला एक ग्रॅम, कोमट दुधात अर्धा तास भिजवलेलं. साखरेचा हात सैल सोडायचा नाही. गारठ्यानं जीभ बधिरते, म्हणून दूध चाखताना जरा जास्त गोड लागलं पाहिजे हे खरं, पण फार साखर पडली तर मिश्रण गोठायलाच मागत नाही.

दाटपणासाठी काही घरांत कॉर्नफ्लोअर घालतात. मंडळात ते बंद झालं, कारण सभेचा एक दिवस कधी कधी चैत्रातल्या एकादशीला यायचा आणि अर्ध्या आज्या वाटीकडे बघत बसायच्या. तेव्हापासून आरारूट, संच्याला तीन मोठे चमचे, गार दुधात कालवून. उपासाला चालतं आणि चवीलाही स्वच्छ.

दूध शुक्रवारीच आटवायचं, कारण रात्रभर मुरलेलं मिश्रण जास्त मऊ उतरतं. पातेलं आधी पाण्याच्या परातीत गार करायचं, मग डबे भरून आसपासच्या सात-आठ घरांच्या फ्रिजमध्ये. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर संच्याचा क्रमांक आणि घराचं नाव. शनिवारी चार वाजता मुलं डबे गोळा करायला निघायची, तेव्हा दारादारांतून एकच सूचना: "हलवू नकोस रे, सरळ धर!"

बर्फ दोन्ही दिवस शंभर-शंभर किलो. गोणपाटात घालून लाकडी मोगरीनं फोडायचा, आवळ्याएवढे तुकडे. भुगा झाला तर तो लगेच वितळतो, मोठे ढेकळे राहिले तर डबा अडकतो. मीठ जाडं, खड्यांचं. बारीक मीठ पाण्यात चटकन विरघळून तळाला जातं आणि वरचा बर्फ तसाच कोरा राहतो. तीन बोटं बर्फ, मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, असे थर द्यायचे. फिरवताना पाच भाग बर्फाला एक भाग मीठ. मीठ बर्फाला वितळायला लावतं, आणि वितळायला लागणारी उष्णता बर्फ दुधातून ओढून घेतो. नुसता बर्फ शून्याच्या खाली नेत नाही आणि साखर घातलेलं दूध शून्याला गोठत नाही, त्याला उणे अडीच-तीन लागतात. या मापात खारं पाणी उणे दहा-बारापर्यंत उतरतं. नवखा माणूस घाईनं मीठ जास्त टाकतो. मग भिंतीवरचा थर इतका भराभर गोठतो की पंख्याला तो खरवडता येत नाही, हँडल अडतं आणि आइस्क्रीम रवाळ होतं.

डबा दोन तृतीयांशच भरायचा. फिरवताना हवा मिसळून पावणेसात लिटरचं साडेआठ लिटर होतं. गळ्यापर्यंत भरलं तर ते झाकणातून वर येतं. पहिली दहा मिनिटं सावकाश, मिनिटाला चाळीसएक फेरे. मिश्रण पुरतं गारठायच्या आत जोर केला तर सायीचं लोणी निघतं आणि टाळूला तुपकट पापुद्रा चिकटतो. मग वेग वाढवायचा. मुलांची रांग लागलेली असायची, प्रत्येकाला शंभर फेरे आणि बाकीच्यांनी मोठ्यानं मोजायचे. सुरुवातीला आतून खळखळ ऐकू येते, पंधरा-वीस मिनिटांनी ती दबते, नंतर आवाजच राहत नाही, फक्त बर्फ कुरकुरतो. "काका, जड झालं!" हे वाक्य आलं की मुलाला बाजूला करून कोणीतरी दांडगा माणूस हँडलवर बसवायचा आणि एकानं बादलीवर गोणपाट टाकून वर बसायचं, नाहीतर सगळा संचा गरागरा फिरतो. फळाचा गर याच वेळी घालायचा. आधी घातला तर फोडी तळाशी बसतात.

बादलीच्या काठाखाली चार बोटांवर एक भोक असतं. त्या भोकाकडे डोळा ठेवण्याचं काम एकाच माणसाचं. बर्फाचा तुकडा तिथे अडकला की खारं पाणी चढतं, झाकणाच्या फटीतून आत शिरतं, आणि मग उपाय नाही. एक वर्ष तिसरा संचा असा गेला. दिसायला उत्तम, पहिल्या चमच्याला समुद्र. सात किलो मिश्रण ओतून द्यावं लागलं आणि त्या रात्री माणशी अर्धीच वाटी आली. तेव्हापासून त्या माणसाच्या हातात निंबाची काडी असे, दर पाच मिनिटांनी भोकात घालून पाहायची. झाकण उघडायच्या आधी वरचं पाणी फडक्यानं टिपायचं, हे दुसरं पथ्य.

पाचच्या सुमारास पंखा बाहेर यायचा. पात्यांना लागलेलं खरवडून खाण्याचा हक्क फेरे मोजणाऱ्यांचा, त्यावर मोठ्यांनी हात टाकायचा नाही. झाकणाच्या मधल्या भोकात बूच, खारं पाणी थोडं काढून नवा बर्फ, आता मीठ जास्त, तीन भागांना एक, आणि वर ओलं गोणपाट दाबून. फिरवताना साठ किलो बर्फाला बारा किलो मीठ, मुरवताना चाळिसाला तेरा; पंचवीस किलोंचं पोतं एका दिवसात बरोबर संपायचं. पंखा काढतानाचं आइस्क्रीम श्रीखंडासारखं सैल असतं. तीन-साडेतीन तास मुरल्यावर पळीला गोळा धरतं. तानपुरे सहाला लागायला बसत, तोवर मागच्या अंगणातली सगळी घरघर थांबलेली हवी, यात सवलत नव्हती.

पूर्वी मैफल पहाटेच्या भैरवीपर्यंत चालायची, मध्यंतर मध्यरात्री, आणि दहा वाजता बर्फ पुन्हा भरावा लागायचा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा म्हटल्यावर सभा सातला सुरू होऊ लागली आणि मध्यंतर साडेआठला. रात्रीचे राग त्यामुळे उत्तरार्धात कसेबसे मावतात, याची हळहळ जुन्या श्रोत्यांना आहे आणि ती रास्त आहे. आइस्क्रीमला मात्र ही वेळ मानवली.

वाढणं हे पंगतीचंच काम. पाऊणशे मिलिलिटरची पळी, चार संच्यांतून साडेचारशे वाट्या. चैत्रातल्या बडोद्यात साडेआठलाही हवेत ऊब असते, वाटीत आइस्क्रीम सात-आठ मिनिटं धीर धरतं. म्हणून प्रत्येक संच्यावर दोघं काढणारे, दोघं ताटं नेणारे, आणि पहिलं ताट सगळ्यात मागच्या जाजमाकडे. पुढच्यांना आधी दिलं तर मागच्यांपर्यंत नुसती बासुंदी जाते. चमचे चपट्या लाकडाचे, वाट्या आधी पळसाच्या द्रोणांच्या, पुढे कागदी. द्रोण देखणा खरा, पण टाचणीच्या काडीपाशी गळतो आणि मैफल पुन्हा सुरू झाल्यावर कोणाच्या तरी हातात कुरकुरतो. आलापात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्यासाठी घंटा झाल्यावर दोन मुलं मोठ्या टोपल्या घेऊन रांगांतून फिरायची आणि टोपल्या मांडवाबाहेर गेल्याशिवाय निवेदक माइक हातात घेत नसे.

गाणाऱ्यांना गाण्याआधी आइस्क्रीम नाही. त्यांना सुंठ-ज्येष्ठमधाचं कोमट पाणी, आणि त्यांच्या वाट्या एका छोट्या डब्यात, बर्फात पुरून वेगळ्या. "तुमचं राखून ठेवलंय हं," असं विंगेत जाऊन सांगायची पद्धत होती. उत्तरार्धाच्या गायिकेचं गाणं संपून, घाम टिपून, तानपुरा गवसणीत घालून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही; मग संच्याशेजारच्या बाकावर बसून तो डबा उघडायचा.

उरलेलं कधी ठेवलं नाही. एकदा वितळून पुन्हा गोठलं की त्यात बर्फाचे काटे धरतात. मांडववाले, ध्वनिक्षेपकवाले, फाटकाबाहेरचे रिक्षावाले यांच्यात रात्रीच संपायचं.

खारं पाणी कुठे ओतायचं हेही शिकावं लागलं. अंगणातल्या पारिजातकाच्या बुंध्याशी दोन वर्षं ओतलं गेलं आणि तिसऱ्या वर्षी एक बाजू वाळली. फरशीवर सांडलं तर पावसाळ्यात पांढरा फुलोरा येतो. मग भरपूर साध्या पाण्यासोबत थेट गटारात. सोमवारी सकाळी डबे, पट्ट्या, चाकं गोड्या पाण्यानं तीनदा धुवायची, कारण मिठाचा कण राहिला तर पावसाळ्याआधीच लोखंड खातो. बादल्या सावलीत उपड्या. उन्हात वाळवल्या तर फळ्या तडकतात. चाकांना पुन्हा तुपाचा हात, प्रत्येक हँडलला त्याच्याच संच्याचा क्रमांक सुतळीनं बांधून, आणि चारही संचे जुन्या जाजमात गुंडाळून माळ्यावर.