मूठ मिटली त्या दिवशी

मी गोव्यात, वास्कोला फिजिओथेरपिस्ट आहे. मनगट मोडलेले पेशंट नेहमीचेच. प्लॅस्टर साधारण सहा आठवडे असतं, निघालं की बोटं आखडलेली असतात. व्यायाम दुखतो, लोक कुरकुरतात, पण हात बरा व्हावा असं प्रत्येकाला वाटतं. या मुलाला वाटत नव्हतं. (त्याला विचारूनच लिहितेय.)

डावं मनगट. हाड छान जुळलेलं, तरी मूठ मिटेना. माझ्यासमोर मेणाचा शेक, ताण, सगळं मुकाट करून घ्यायचा. घरी काही नाही. "रोज थोडी कणीक मळ," असं मी सगळ्यांनाच सांगते. त्याच्या आईने परात पुढे ठेवली की हा उठून बाहेर जायचा.

श्रावण तोंडावर आला होता. पकड मोजायचं यंत्र त्याच्या हातात देऊन "दाब" म्हटलं. काटा हलला. थोडासाच, पण हलला. मी आनंदाने "वा!" म्हणाले आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. "नको मॅडम. हा हात बरा नको व्हायला."

मग सगळं बाहेर आलं. तो पखवाज वाजवायचा, मित्र गायचा. भजन आटोपून रात्री पावसात दोघे स्कूटरवरून परतत होते. हेल्मेट एकच. मित्र चालवत होता, तरी ते त्याने याच्या डोक्यावर चढवलं. "तुला सर्दी झालीय, तू घाल." वेर्ण्याजवळ स्कूटर घसरली. मित्र गेला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, कणीक लावतात. ती परात त्याला का बघवत नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

"तुझी काय चूक?" असं मी म्हटलं नाही. ते घरच्या-दारच्या सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का?" तो म्हणाला, "रोज." असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात भलतं भरत नाही, न विचारल्याने माणूस एकटा पडतो. पुढच्या पेशंटना थांबवलं, त्याच्या आईला बोलावलं, आणि त्याच दिवशी दोघांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मानसोपचारासाठी पाठवलं. रात्री-अपरात्री लागला तर म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आईच्या फोनमध्ये घालून दिला.

आपण वाचलो याचा अपराधभाव डॉक्टरांना नवीन नाही. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांमध्ये तो ठळकपणे दिसला, आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणात आघातानंतरच्या लक्षणांत त्याची नोंद झाली. माझी एक समुपदेशक मैत्रीण म्हणते, "आपल्या हातात काहीच नव्हतं, हे मनाला सोसत नाही. त्यापेक्षा चूक माझीच, हे सोसतं." मला ते पटतं.

देवाचं नाव तो काढू देत नव्हता. मीही काढलं नाही. दुःखातल्या माणसाच्या गळ्यात श्रद्धा बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला ती त्याच्याच वाटेने सापडली. श्रावणातल्या आमच्या दामोदर सप्ताहाची कथा वास्कोत पोराटोरांना ठाऊक असते: सव्वाशे वर्षांपूर्वी साथीने गाव हवालदिल झालं, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथून नारळ आणला आणि अखंड भजन मांडलं. एकदा बोटं ताणून घेताना तो अचानक म्हणाला, "मॅडम, ते भजन मांडणारे म्हणजे साथीतून वाचलेलेच ना? त्यांच्याही घरातली माणसं गेली असतील." मी नुसती मान हलवली. त्या आठवड्यात त्याने घरी कणीक मळली.

यंदा सप्ताहाच्या रात्री भजनी पथकं आळीपाळीने बसत होती, मीही मंडपात होते. त्याचा हात पखवाजावर होता, पण उचलत नव्हता. मित्राची आई पुढे आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वाजय, पुता." धुम कच्ची लागली, ठेकाही एकदा सुटला. गाणाऱ्याने थांबून त्याला सावरून घेतलं.

बांबोळीचे उपचार चालू आहेत. देवाशी भांडण मिटलंय, असं तो म्हणत नाही. भजनाला मात्र जातो. वेर्ण्याचा रस्ता अजून टाळतो, आणि मी त्याबद्दल घाई करत नाही. सध्या आम्ही मनगट मागे वळवण्यावर काम करतोय, तिथे अजून बरंच बाकी आहे.