अकरा नंबर डावीकडे का जात नव्हती

निवासी केंद्रासाठी बास्केटबॉलच्या मुली निवडायच्या चाचणीचा आमचा फॉर्म एका पानाचा आहे. उंची, वजन, ३० मीटर धाव, शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉलची फेक, आणि तळाशी ‘शेरा’ म्हणून दोन ओळींची जागा. सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच मुलीचं बरंचसं या पानावर मावतं. पॉइंट गार्डचं मावत नाही. चेंडू पुढे कसा आणायचा, कोणाला कधी द्यायचा, बाकीच्या चौघींना कुठे उभं करायचं हे सगळं तिने ठरवायचं असतं, आणि ठरवण्याची उडी टेपने मोजता येत नाही. त्यामुळे पॉइंट गार्ड बघायची असली की मी शक्यतो तिच्या गावी, तिच्या रोजच्या मैदानावर जाते.

गेल्या नोव्हेंबरात अशीच दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी गेले. खारपाणपट्ट्यातलं गाव. पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती आणि खाली खारं पाणी. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, “मॅडम, पोट्टी बुटकी हाये, पण एकडाव येऊन पाहून घ्या.” कापसाची वेचणी जोरात होती. संघातल्या दोघी-तिघी आयांसोबत वावरात गेलेल्या, म्हणून सरांनी पाचवी-सहावी गडी म्हणून आठवीच्या मुली घेतल्या होत्या. मला ते बरंच वाटलं. पॉइंट गार्डची पारख चांगल्या संघात होत नाही. कच्च्या मुलींना घेऊन ती काय करते, त्यात होते.

तिचं नाव इथे लिहीत नाही. अंगावर अकरा नंबरचं बनियन होतं, तेवढं पुरे. वर्ग नववीचा, उंची १५२ सेंटिमीटर.

कोर्ट सिमेंटचं, लोकवर्गणीतून केलेलं. रिंग एकच उभी, तिलाही जाळी नाही. दुसऱ्या टोकाचा खांब गंजून पडला तो पडलाच. मी रिंगच्या मागे उभी राहिले, कारण तिथून खेळणाऱ्या मुलीचे डोळे दिसतात. बहुतेक मुली चेंडू हातात आल्यावर मान वर करतात. ही चेंडू येण्याआधी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघून घेत होती. चेंडू हातात पडला तेव्हा तो कुठे जायचा हे तिचं आधीच ठरलेलं असायचं. आठवीतल्या एका उंच मुलीचे हात अगदीच कच्चे होते. तिला ही छातीच्या उंचीवर, हळू, सरळ पास द्यायची. दुसरी एक चपळ होती, तिला मात्र ती धावत असताना दोन पावलं पुढे, जोरात. त्या उंच मुलीने अगदी रिंगखालून सोपा लेअप, म्हणजे धावत येऊन जवळून टाकायचा शॉट, घालवला. पुढच्याच वेळी अकरा नंबरने चेंडू पुन्हा तिलाच दिला आणि ओरडली, “मार वो, बोर्डावर मार!” हे मी वहीत लगेच लिहिलं. सोबतिणीचं चुकल्यावर पुढचा पास कोणाला जातो, हे मी प्रत्येक गार्डमध्ये बघते. पंधरा वर्षांच्या मुलीत ते क्वचित सापडतं.

मग एक गोष्ट खटकायला लागली. ती डावीकडे जातच नव्हती. मधून निघाली की उजवीकडे. डावीकडे मोकळी वाट असली तरी पास देऊन टाकायची. राज्य पातळीवर असल्या गार्डला दोन मिनिटांत बांधून टाकतात. समोरची मुलगी उजवी बाजू झाकून उभी राहते, आणि गार्डचा खेळ तिथेच संपतो. वहीत मी लिहिलं, ‘डावीकडे जात नाही’, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

पाणी प्यायला मुली थांबल्या तेव्हा कोर्टवर चालून आले. रिंगकडे तोंड केलं की डाव्या अंगाला सिमेंट फुटलं होतं, रिंगसमोरच्या फ्री थ्रोच्या रेषेपासून थेट साइडलाइनपर्यंत. एक कड दोन बोटं वर आलेली. या भागात हे नवं नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खाली मुरमाचा जाड थर नीट दाबलेला नसला की वरचं सिमेंट दोन-तीन पावसाळ्यांत उकलतं. घरांच्या भिंतींचंही तेच होतं.

म्हणजे मुलीचा डावा हात कच्चा की कोर्टची डावी बाजू? या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. हात कच्चा असेल तर वर्षभराचं काम. बाजूच टाळत असेल तर चांगल्या कोर्टवर ती सवय मोडायला एखादा महिना.

हे तपासायला सोपी युक्ती होती. तिला उजव्या साइडलाइनजवळ उभं केलं आणि सांगितलं, आता मध्याकडे जायचं आणि रिंगवर घुसायचं. तिथून मध्याकडे यायचं म्हणजे डावीकडेच यायचं, चेंडू डाव्या हातातच हवा, आणि त्या बाजूचं सिमेंट धड होतं. ती निघाली. डावा हात, मान वर, टप्पा गुडघ्याच्या खाली. समोर एक मुलगी उभी केली तरी तेच. लेअप मात्र शेवटी उजव्या हातानेच टाकला. ती खरी उणीव, ती वेगळी लिहिली. विचारलं तर म्हणाली, “डाव्या हातानं येते मले मॅडम. पण त्या बाजूनं टप्पा भलतीकडंच जाते, म्हणून तिकडं जात नाई मी.” वहीतल्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मिळालं. तिच्या मैदानावर डावीकडे न जाणं हा शहाणपणा होता.

त्याच भेगांमुळे ती जमिनीवर टप्पा देऊन करायचा बाउन्स पासही जवळजवळ देत नाही, हे मग ध्यानात आलं. चेंडू जमिनीवर जितका कमी टेकवता येईल तितकं बरं, असा तिचा सगळा खेळ घडला होता. चेंडू लवकर सुटतो, हवेतून जातो. अमरावतीच्या इनडोअर कोर्टवर तासन् तास ड्रिबल करणाऱ्या, म्हणजे चेंडूचे टप्पे मारत राहणाऱ्या मुलींमध्ये मला उलटा दोष दिसतो. चेंडू हातात फार वेळ राहतो.

दुसऱ्या डावात मी मध्येच शिट्टी मारून खेळ थांबवला. उंच मुलगी रिंगकडे मोकळी धावत होती, पास सरळ होता, आणि हिने दिला नाही. असं थांबवून ‘आत्ता का नाही दिलास’ विचारणं ही माझी खरी चाचणी. बऱ्याच मुली ‘सॉरी मॅडम’ म्हणतात. काही म्हणतात, दिसली नाही. ही म्हणाली, “दिसली ना. पण तिचा पाय वळला नव्हता. रिंगकडं पाहून राहिली होती, पाय अजून माह्याकडंच होता. तवा देला असता त हातातून सुटला असता.”

मी त्या उंच मुलीला पुन्हा तसंच धावायला लावलं. खरंच, तिचा मागचा पाय उशिरा वळत होता. रिंगमागे उभी असून मला ते दिसलं नव्हतं, ते हिने धावत्या खेळात टिपलं होतं.

कुठे शिकलीस म्हटलं तर तिला उत्तर देता येईना. सरांनी सांगितलं, ही आधी खो-खोत होती, पळणारी. मग उलगडा झाला. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा खांदे वळवून दिशा घेतली की तिला मागे फिरता येत नाही. पळणारीचा जीव त्या खांद्यांवर आणि पायांवर नजर ठेवण्यात असतो. सरांनी बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात केलेलं. १९१४ साली सुरू झालेल्या त्या मंडळातून देशी खेळ शिकलेले शिक्षक वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांत गेले. बास्केटबॉलची गार्ड हवी असेल तर खो-खोच्या मैदानावर आधी बघावं, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते आहे.

आता तिचं जे जमत नाही ते. शॉट वाईट होता. दोन्ही हातांनी कमरेजवळून ढकलायची. शाळेत चेंडू मुलांचा, सात नंबरचा. मुलींच्या सामन्यात सहा नंबरचा असतो. घेर साडेतीन-चार सेंटिमीटरने कमी, वजन ६०-७० ग्रॅमने कमी. जड चेंडू ३.०५ मीटर उंचीच्या रिंगपर्यंत पोचवायचा तर लहान चणीची मुलगी कमरेतून जोर लावणारच. माझ्याकडचा सहा नंबरचा दिला तेव्हा हातात फिरवून म्हणाली, “हा त हलका हाये!” रिंगपासून चार पावलांवर उभं करून एका हाताने मारायला लावलं. थोड्या वेळात कोपर चेंडूखाली यायला लागलं. फ्री थ्रोच्या रेषेवर गेली की पुन्हा कमर. ६.७५ मीटरच्या तीन गुणांच्या रेषेचं तर अजून नावच नको. बचावात हात फार घालते, पाय उशिरा हलवते, पाच फाउल लवकर भरून बाहेर बसावं लागेल. आणि तिचा वेग एकच, सुसाट. हळू जाऊन अचानक सुटणं तिला कोणी दाखवलेलंच नाही. हे सगळं स्वच्छ लिहिलं. आवडलेल्या मुलीचे दोष झाकले तर पुढच्या प्रशिक्षकाचे सहा महिने वाया जातात.

शेवटी दहावीचे दोन मुलगे बोलावले. रिंग नसलेल्या टोकाकडून चेंडू आणायचा, दोघांनी तिला घेरायचं, आणि आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची. सेकंद मी मोठ्याने मोजत होते. सुरुवातीला तिचा चेंडू लागोपाठ हिसकला गेला. उंच मुलं, लांब हात, ती कोपऱ्यात सापडायची. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. मग तिने स्वतःच सोबतिणीला जवळ बोलावलं, मधल्या रेषेच्या अलीकडे उभं केलं. दुसरा मुलगा पोचायच्या आधी पास, आणि लगेच परत घ्यायला पुढे. पुन्हा अडली तेव्हा ड्रिबल करत दोन पावलं मागे आली, दोघांना ओढून घेतलं आणि डोक्यावरून पलीकडे दिला. मागे येऊन जागा करणं मी सतरा-अठराच्या मुलींना शिकवते, आणि त्यांना ते भित्रेपणाचं वाटतं. हिला जेवणाच्या सुट्टीआधी आपोआप सुचलं होतं. मला मुलीला आज काय येतं यापेक्षा ती किती लवकर बदलते ते बघायचं असतं. त्या अर्ध्या तासात मला ते डोळ्यांनी बघायला मिळालं.

दुपारी तिची आई वावरातून आली, ओटीत कापूस तसाच. बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, नेसान पोरीले, पण पुढच्या साली दहावी हाये तिची. शाळा त नाई ना बुडणार?” निवासी केंद्रात शाळा असते, तिचा वर्ग कसा चालतो, सकाळ-संध्याकाळ सराव किती, दुखापत झाली तर काय, हे सगळं सांगितलं. निवड होईलच असा शब्द दिला नाही, आणि त्या माउलीने मागितलाही नाही. सहा नंबरचा चेंडू सरांकडे ठेवला. रोज रिंगजवळून एका हाताचे शॉट, डाव्या हाताचे लेअप, आणि उजव्या कडेने वेग बदलत आत येणं, एवढंच करून घ्या म्हटलं. लांबून मारायला अजिबात लावू नका.

संध्याकाळी एसटीतून निवड समितीतल्या एका सहकाऱ्यांना फोन केला. पहिला प्रश्न अपेक्षित होता.

“उंची?”

“एकशे बावन्न.”

“मॅडम, मग कशाला?”

१९८७ ते २००१ एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, गाजवणाऱ्या मग्सी बोग्जचं नाव मी घेतलं नाही. तो १६० सेंटिमीटरचा होता, पण तिथल्या सगळ्या इतिहासात त्याच्याएवढा ठेंगणा दुसरा नाही. अपवादावर पोरीची केस उभी करायची नव्हती. उंची तिला बचावात नडेल, हे मीच आधी सांगितलं. मग वहीतलं तिचं पायाबद्दलचं वाक्य तिच्याच शब्दांत वाचून दाखवलं, आणि ते खो-खोतून आलं असावं हेही सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “परत वाचा.”

परत वाचलं. “चाचणीला आणा तिला,” ते म्हणाले, “पण धावायला नंतर लावू. आधी आपल्या मोठ्या मुलींत घालून पूर्ण सामना खेळवा, आणि मला रिंगच्या मागे खुर्ची द्या.”