गवत काढले आणि खेळ बदलला

गेम विकत घेण्यापूर्वी ‘किमान’ आणि ‘शिफारस’ अशा दोन रकान्यांत प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांची जी यादी वाचायला मिळते, ती तयार करणाऱ्या चमूत मी काम करते. ही यादी म्हणजे कार्डांची प्रतवारी नव्हे. अमुक यंत्रावर, अमुक रिझोल्यूशनला (म्हणजे पडद्यावर इतके आडवे आणि इतके उभे पिक्सेल, चित्राचे ठिपके, असताना) हा गेम सेकंदाला इतक्या फ्रेमनी, म्हणजे इतक्या चित्रांनी, चालेल, असे ते वचन असते. पुष्कळदा रिझोल्यूशन आणि फ्रेमचा आकडा छापलाच जात नाही, आणि मग वचन पाळले गेले की मोडले, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यावरून आमच्याकडे नेहमी खटके उडतात. पण ज्या दिवशी किमान रकाना पक्का करायचा होता, त्या दिवशीचा वाद निराळाच निघाला.

आमचा गेम पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत पुढे सरकण्याचा होता. किमान यंत्र म्हणून आम्ही चार कोअरचा जुना प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ४ जीबी मेमरीचे कार्ड धरले होते. १९२० बाय १०८० रिझोल्यूशनला सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे प्रत्येक फ्रेमला फार तर ३३.३ मिलिसेकंद, अशी मर्यादा ठरली होती. सरासरी फ्रेमरेटवर माझा विश्वास नाही. सरासरी ४० दिसत असतानाही मधूनच एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद घेते आणि खेळणाऱ्याच्या हाताला नेमका तोच झटका जाणवतो. म्हणून आम्ही प्रत्येक फ्रेमच्या वेळेचा आलेख काढतो.

पहिला अडथळा गर्दीच्या दृश्यात आला. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणले, म्हणजे रंगवायचे पिक्सेल निम्म्याहून कमी केले, तरी आलेख तसूभरही खाली आला नाही. याचा अर्थ पिक्सेल रंगवणाऱ्या कार्डाला दम होता आणि प्रोसेसरच मागे पडत होता. दिसायला साधा गेम यंत्राला हलका असतो, या समजुतीला इथेच तडा जातो. ड्वार्फ फोर्ट्रेस हा बुटक्यांची वस्ती वसवण्याचा गेम कित्येक वर्षे निव्वळ अक्षरांनी रंगवला जात असे, तरी वस्ती वाढली की तो चांगल्या प्रोसेसरलाही घाम फोडतो, कारण त्यातला प्रत्येक बुटका वाट शोधत असतो. आमच्या पहारेकऱ्यांच्या नजरेची तपासणी प्रत्येक फ्रेमला न करता आळीपाळीने करायची असे ठरले आणि ते प्रकरण तासाभरात मिटले.

खरी गाठ पडली ती कुरणाच्या दृश्यात. तिथे एका फ्रेमला ४४ मिलिसेकंद लागत होते आणि रिझोल्यूशन उतरवताच वेळ झपकन कमी होत होता. म्हणजे इथे भार कार्डावर होता. दाट गवताची पाती एकामागे एक अशी असतात, त्यामुळे पडद्यावरचा तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा हिशेबात घ्यावा लागतो. ग्राफिक्स प्रोग्रामरने सरळ उपाय सुचवला : लो प्रीसेटमध्ये, म्हणजे कमी ताकदीच्या यंत्रांसाठी आधीच ठरवून दिलेल्या सेटिंगच्या संचात, गवताची दाटी एक दशांश करावी. तसे केले आणि वेळ २७ मिलिसेकंदांवर आला. सगळे खूश झाले. चहाला उठण्याची भाषाही सुरू झाली.

तेवढ्यात लो प्रीसेटवर तोच टप्पा खेळणाऱ्या टेस्टरने आम्हाला हाक मारली. त्याच्या पडद्यावर नायक जवळजवळ उघड्या मातीवर ओणवा बसला होता, पहारेकरी त्याच्यापासून दोन पावलांवर उभा राहून थेट त्याच्याकडे पाहत होता, आणि काहीही घडत नव्हते. पहारेकऱ्याला गवत दिसतच नाही. लेव्हल डिझायनरने जमिनीवर अदृश्य क्षेत्रे आखलेली असतात. त्यात नायक वाकून बसला की तो ‘लपला’ असे गेम मानतो, मग वर गवत रंगवलेले असो वा नसो. याची उलटी बाजू अधिक त्रासदायक होती. हाय प्रीसेटवर गवताआड झाकला जाणारा दूरचा पहारेकरी लो प्रीसेटवर लांबूनच स्पष्ट दिसत होता, आणि त्या टेस्टरने तो अवघड टप्पा एकदाही पकडला न जाता पार केला. आम्ही ग्राफिक्स कमी करत आहोत असे समजत होतो; प्रत्यक्षात गेमचे नियम बदलत होतो.

असे घडण्याची ही पहिली वेळ नव्हे. क्वेक ३ मध्ये ठरावीक फ्रेमरेटला उडी अधिक उंच जात असे आणि मुरलेले खेळाडू त्यासाठी १२५ फ्रेमची मर्यादा लावून बसत. डार्क सोल्स २ च्या पीसी आवृत्तीत सेकंदाला ६० फ्रेम असताना शस्त्रे ३० फ्रेमच्या मानाने लवकर झिजत. नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये तर शत्रू नीट दिसावा म्हणून चांगले कार्ड असूनही मुद्दाम लो प्रीसेट लावणारे कितीतरी आहेत.

त्यानंतरच्या बैठकीत कला विभागाची प्रमुख म्हणाली, “मग किमान कार्ड एक पायरी वर न्या. गवत हा या गेमचा चेहरा आहे.” डिझायनर तिला म्हणाला, “चेहऱ्याचे तू बघ. मला गवत हवे आहे ते आडोसा म्हणून.” मला डिझायनरचे म्हणणे पटले, पण त्याच्या कारणासाठी तिची मागणी मान्य करणे मला योग्य वाटले नाही. कार्ड वर नेले की जुने यंत्र असलेला खेळाडू गेमबाहेर जातो, आणि तोही अशा पात्यांपायी की ज्यांतली बहुसंख्य कोणाच्याही आडोशाला येत नाहीत. म्हणून मी यादीतली प्रत्येक सेटिंग एकच प्रश्न विचारून तपासायला लावली : ही बंद केल्यावर खेळाडूला काही अधिक किंवा काही कमी कळते का?

त्या प्रश्नाने बरीच उलथापालथ झाली. डबक्यांतली प्रतिबिंबे गेली. प्रकाशयोजना करणाऱ्या सहकाऱ्याने त्यावर आठवडे घालवले होते आणि तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. उजेडाचे झोत दाखवणारे महागडे धुके काढले; मात्र हाय प्रीसेटवर ते जितक्या अंतरापलीकडचे झाकत असे, तितक्याच अंतरावर साधे, स्वस्त धुके घातले. सावल्यांची सूक्ष्मता निम्मी केली, पण कोपऱ्याआडून आधी पुढे येणारी पहारेकऱ्याची सावली तशीच ठेवली, कारण तीच पाहून खेळाडू थांबतो. लपण्याच्या क्षेत्रांतले गवत पूर्ण उंचीचे राहिले. फक्त पाती कमी आणि रुंद केली. जवळून ती पुठ्ठ्यासारखी दिसतात, हे मान्य आहे. उरलेले शोभेचे गवत सरसकट कापले. कुरणाचा आकडा ३२ मिलिसेकंदांवर थांबला.

किमान रकान्यातले कार्ड बदलले नाही आणि त्याखाली ‘१०८०, लो, ३० फ्रेम’ ही ओळ छापायला सर्वांनी मान्यता दिली. शिफारशीच्या रकान्यातले कार्ड मात्र एक पायरी वर न्यावे लागले, कारण तिथे वचन ६० फ्रेमचे होते आणि दाट गवत १६.७ मिलिसेकंदांत बसवायचे होते.