फॉर लूपमधला दुसरा नॅट

क्लाउडमधला एक झोन (डेटा सेंटरांचा वेगळा गट) बंद पडला तर काय, याचा सराव होता. 'अ' झोनच्या सबनेटची, म्हणजे नेटवर्कच्या तिथल्या भागांची, वाहतूक नेटवर्क एसीएलने (ये-जा अडवणाऱ्या नियमांनी) अडवली. डेटाबेस आधीच 'ब' झोनवर फेलओव्हर करून, म्हणजे हलवून घेतला होता. वाहतूक वाटणाऱ्या लोड बॅलन्सरने ग्राहक बिनबोभाट वळवले. लॉगिन होतंय, कार्ट भरतंय आणि पेमेंटला आलं की टाइमआउट. बाहेरच्या एकाही एपीआयचं उत्तर येईना.

सगळ्यांनी आकृती उघडली. कोडमधून चित्र काढणाऱ्या, पायथनच्या डायग्राम्स लायब्ररीत लिहिलेली, गिटमध्ये ठेवलेली, बाणन् बाण रिव्ह्यूतून गेलेला. माउसने चौकोन सरकवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं मी आजही म्हणेन. आकृतीत दोन्ही झोनना आपापला नॅट गेटवे, म्हणजे खाजगी सर्व्हरचं इंटरनेटकडे जायचं दार, होता. मग अडतंय कुठे?

शेवटी रूट टेबल, म्हणजे वाहतूक कुठून जायची त्याचा तक्ता, पाहिलं. 'ब'च्या खाजगी सबनेटचा डिफॉल्ट रूट 'अ'मधल्या नॅटकडे जात होता. नॅट मुळात एकच! खर्च वाचवायला टेराफॉर्ममध्ये (क्लाउडची रचना कोडने उभारणारं साधन) 'सिंगल नॅट गेटवे' ट्रू केलं होतं, तेही रीतसर मंजुरीने. आकृतीचा कोड मात्र वेगळ्या रिपॉझिटरीत, त्याला कोण कळवणार? त्यात झोनवर फिरणारा फॉर लूप, म्हणजे प्रत्येक झोनला तेच पुन्हा काढणारा कोड; लूपमध्ये क्लस्टर (आकृतीतली चौकट), क्लस्टरमध्ये नॅट. लूप दोनदा फिरला, नॅट दोन उमटले. हाताने काढणारा दुसरा नॅट चिकटवताना निदान क्षणभर थबकला असता. ही लायब्ररी फक्त चित्र काढते, खऱ्या क्लाउडशी तिचा संबंध नाही; पण इतकं सुबक चित्र समोर असलं की रूट टेबल उघडायचं कुणाला सुचत नाही.

'टेराफॉर्ममधूनच आकृती काढू', अशी सूचना लगेच आली. टेराफॉर्म ग्राफ ही त्याची आलेख काढणारी कमांड चालवून पाहिलेल्यांनी ती केली नसती. त्यात कोण कोणावर अवलंबून आहे ते दिसतं, पॅकेट कुठून कुठे जातं ते नाही. शिवाय भिंतभर जाळं.

मी लूप मोडला आणि 'ब'मधून 'अ'च्या नॅटकडे लाल तुटक एज (जोडणारा बाण) दिली. लायब्ररीमागे मांडणी करणाऱ्या ग्राफव्हिझने तत्परतेने क्लस्टर इकडचे तिकडे केले. त्या एजला 'कन्स्ट्रेंट फॉल्स' (मांडणी ठरवताना ही धरू नको) दिल्यावर ते जागेवर आले, पण बाण आता लोड बॅलन्सरच्या नावावरून जातो.

मॅनेजरांनी विचारलंय, प्रेझेंटेशनला जुनीच आकृती वापरू का, ती नीटनेटकी दिसते. दुसऱ्या नॅटच्या खर्चाची मंजुरी त्यांच्याकडेच अडकली आहे.