हिरड्याचे पाणी

मे महिन्याच्या मध्यावर आमच्या विहिरीने तळ गाठला, तेव्हा मागावर 46 मीटर लांबीचा आणि 880 उभ्या धाग्यांचा ताणा चढलेला होता. त्या एका ताण्यावर वीस स्टोल विणायचे होते, सगळ्यांचा बाणा, म्हणजे आडवा धागा, मंजिष्ठाच्या मुळांनी रंगवलेला लाल. बारा विणून पुढच्या रुळावर गुंडाळले गेले होते आणि आठ बाकी होते. पहिल्या रंगणीचे सूत संपत आले होते. उरलेल्या आठ स्टोलांना साधारण 400 ग्रॅम बाणा लागणार होता, म्हणून मी 100 ग्रॅमच्या पाच लड्या रंगायला काढल्या. पाणी शेजारच्या वाडीतल्या नव्या बोअरचे आणले. ते काचेसारखे स्वच्छ होते. मी ओंजळीत घेऊन पाहिले, चव घेतली आणि पिंपे भरून घेतली.

सुती धाग्याला मंजिष्ठ नुसते उकळून लाल रंग चढत नाही, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. रंगाचा दिवस शेवटचा असतो आणि खरे काम त्याच्या आधी आठवडाभर चाललेले असते. सूत धुण्याच्या सोड्यात दोन तास उकळले की पाणी चहासारखे होते आणि धाग्यातला मेणचटपणा निघतो. मग सुताच्या वजनाच्या 20 टक्के हिरड्याची पूड भिजवून त्यात लड्या रात्रभर ठेवायच्या, सावलीत वाळवायच्या, नंतर तुरटीच्या पाण्यात घालायच्या, पुन्हा वाळवून दोन-तीन दिवस तशाच राहू द्यायच्या. हिरड्यातले तुरट द्रव्य धाग्याला धरते, तुरटी त्याला धरते आणि मंजिष्ठ तुरटीला धरते. या साखळीतली एक कडी बिघडली तरी तिचा पत्ता शेवटच्या दिवशी लागतो, आणि म्हणूनच दोष कुणाचा हे ठरवताना माणूस शेवटच्या दिवसाकडेच बोट दाखवतो. मीही तेच केले.

माझ्याबरोबर सहा वर्षे काम करणाऱ्या वहिनींनी त्या संध्याकाळी हिरडा भिजवला. थोड्या वेळाने त्या मागाच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, "ताई, ह्यां पाणी काळां दिसता." मी तेव्हा तुटलेला ताणा फणीतून ओवून घेत होते. मान वर न करता मी म्हणाले, "हिरडा जुना असेल, चालतं." त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. हिरड्याचे पाणी पिवळसर, ताकाच्या निवळीसारखे असते, हे मी शिकवणीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे. उठून दहा पावले चालून पिंपात डोकावण्याइतका वेळ माझ्याकडे नक्की होता. सकाळी लड्या किंचित राखी दिसल्या, पण ओले सूत नेहमीच दोन छटा गडद दिसते, अशी मी माझी समजूत घातली.

चार दिवसांनी मंजिष्ठाचे पातेले चुलीवर चढले. मुळांचे तुकडे आदल्या रात्री भिजवलेले होते, सुताच्या वजनाइतकेच, म्हणजे 500 ग्रॅम. आमच्याकडचे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, असल्यामुळे लाल रंग नारिंगीकडे झुकतो, म्हणून मी त्यात चमचाभर चुनखडीची पूड घालते. उष्णता तासाभरात हळूहळू 65 अंशांपर्यंत न्यायची आणि 70 च्या वर जाऊ द्यायची नाही, कारण त्यापुढे मुळातले तपकिरी द्रव्य सुटून लाल मळतो, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. हे काम जाळावर बसून करायचे असते. मी वीस मिनिटे फोनवर होते. परत आले तेव्हा तापमापक 74 दाखवत होता आणि पातेल्यातल्या लड्या जुन्या जांभळासारख्या, तपकिरी-जांभळ्या झाल्या होत्या.

मी वहिनींना बोलले. आवाज फार चढवला नाही, पण जे बोलले ते शेजारच्या दोन मुलींसमोर बोलले. सहा वर्षांत इतके साधे शिकता आले नाही का, असेही म्हणाले. त्या एवढेच म्हणाल्या, "मी जाळ वाढवूक नाय." त्यानंतर त्यांनी लड्या निथळून दोरीवर घातल्या, चूल विझवली आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तयार सुतातली एक लहान लडी घेऊन मी स्वतः चुलीपाशी बसले. तापमापकावरून नजर हलवली नाही, 65 च्या वर पारा जाऊ दिला नाही, आणि तासाभराने तोच मळका जांभूळ हाती आला. जाळाचा दोष नव्हता. दुपारी चहा करताना तो काळपट झाला, तेव्हा आठवले की तीन दिवस चहा असाच होत होता आणि दूध पातळ आले असेल असे म्हणून मी तो पीत होते. मी उठून मागच्या अंगणात गेले. सकाळपासून उघड्या राहिलेल्या बादलीत पाण्यावर पातळ तवंग होता आणि तळाशी गंजाच्या रंगाचा गाळ बसला होता. दोन बशा घेतल्या, एकीत विहिरीच्या तळाचे गाळून घेतलेले पाणी आणि दुसरीत बोअरचे, आणि दोन्हींत चिमूटभर हिरड्याची पूड टाकली. पहिली बशी पिवळसर राहिली. दुसरी पाहता पाहता राखी झाली आणि पाच मिनिटांत शाईसारखी काळी.

जमिनीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात लोह विरघळलेले असते, तेव्हा ते दिसत नाही; हवा लागली की गंजासारखे बाहेर पडते. आमच्या जांभ्या दगडाच्या मुलखात हे नवलाचे नाही. ते लोह हिरड्याला पहिल्याच रात्री धाग्यात धरून बसले होते. मरून किंवा राखाडी रंग हवा असेल तेव्हा आम्ही सुताच्या वजनाच्या 2 टक्के हिराकस मोजून घालतो, कारण तेही लोहच. इथे ते न मोजता, न सांगता आले होते, इतकाच फरक.

मला सर्वांत जास्त लागते ते हे की ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती. 2001 च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावाच्या पाण्यात लोह वाढले, अजरख या ठशांनी छापलेल्या कापडाचे रंग बिघडू लागले आणि तिथल्या खत्री कारागिरांपैकी अनेकांनी भूजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. मी ही हकीकत कित्येक वेळा सांगितली आहे, रंगाऱ्याचे गाव पाण्यावर ठरते असे ठासून म्हटले आहे. त्या लोकांनी पाण्यासाठी घरे सोडली, आणि माझ्या घरात एक बाई पाणी काळे आहे म्हणून सांगायला आली तेव्हा मी मान वर केली नाही.

ज्यांच्यासाठी स्टोल होते त्या मुंबईच्या बाईंना मी उशीर होणार हे कळवले आणि बिघडलेल्या लडीचे छायाचित्र पाठवले. त्यांना तो रंग फारच आवडला. उरलेले आठ त्याच रंगाचे द्या, नैसर्गिक रंगात असे फरक व्हायचेच, असे त्या म्हणाल्या. हे वाक्य मला सहन होत नाही. आमच्याच व्यवसायातल्या काही विक्रेत्यांनी ते गिऱ्हाइकांच्या तोंडी बसवले आहे आणि त्याच्या आड हवा तसा निष्काळजीपणा खपवला जातो. जुने रंगारी पाणी, ऋतू, मुळांचे वय पाहून तोच लाल पिढ्यान्‌पिढ्या काढत आले. शिवाय लोह नुसता रंग बदलून थांबत नाही, ते वर्षानुवर्षे सुती धागा खात राहते. जुन्या छापील कापडांत लाल भाग शाबूत आणि लोहापासून काढलेल्या काळ्या रेघांच्या जागी कापड विरलेले, असे पाहायला मिळते ते याचमुळे. माझ्या लड्यांत लोह किती उतरले हे मला मोजता येत नव्हते. मी त्या विकल्या नाहीत. एका लडीचा धागा दर महिन्याला ओढून पाहते. आजवर तो पहिल्यासारखाच टिकला आहे, आणि तरीही विकायला मन होत नाही.

चांगले पाणी वहिनींनीच दाखवले. डोंगराच्या पायथ्याला, पाऊण तासाच्या वाटेवर एक झर आहे, ती वैशाखातही आटत नाही. तिथून दोन दिवस रिक्षाने 20 लिटरचे कॅन आणले. नव्या लड्या वाळल्यावर पडवीत, सावलीच्या उजेडात पहिल्या सुताशेजारी धरल्या, तेव्हा नवा लाल बोटभर नारिंगी वाटला. पाचही लड्यांच्या कांड्या एकमेकींत मिसळून घेतल्या आणि दोन धोटे आलटून-पालटून, दोन-दोन फेऱ्यांनी चालवले, त्यामुळे लडीलडीतला फरक कापडात पट्टा म्हणून उठला नाही. वीस स्टोल धुऊन, दशा वळून, दोरीवर ओळीने घातले आणि पुढचे आठ कोणते हे मला स्वतःला शोधावे लागले. ते दहा दिवस उशिरा पोचले.

मी वहिनींची माफी मागितली, आणि त्या दोन मुली कामावर असताना मागितली. त्या म्हणाल्या, "असांदे." पगार, सणाची सुट्टी, लेकाची शाळा यांवर त्या पूर्वीसारख्याच माझ्याशी बोलतात. पण रंगणीच्या दिवशी त्या आता मला तोंडाने काही सांगत नाहीत. मी मागावर बसले की शेजारच्या स्टुलावर एक बशी आणून ठेवतात, त्यात त्या दिवसाचे पाणी आणि हिरड्याची पूड असते, आणि मी तिच्याकडे पाहीपर्यंत त्या दारात उभ्या राहतात.