कुबड्यांवरचं माझं चालणं कॅमेऱ्याने तपासलं – माझा अनुभव

जुलैत पावसात स्कूटी घसरली आणि डाव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं, प्लेट टाकली, सहा आठवडे पाय टेकवायचाच नाही. घरात दिरांच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या कुबड्या होत्या त्याच वापरत होते. नंतर थोडं थोडं वजन टाकायला परवानगी मिळाली आणि फिजिओकडे चालण्याची टेस्ट ठरली.

मला वाटलं अंगभर वायरी लावतील, पण अंगाला काहीच लावलं नाही. स्टँडवर एक छोटा कॅमेरा नि लॅपटॉप, बस्स. एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर खेळायला २०१० मध्ये किनेक्ट नावाचा हालचाली ओळखणारा कॅमेरा आलेला ना, त्या जातीचा. फिजिओकडचा हा कॅमेरा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंगाचा कुठला भाग किती लांब आहे ते काढतो, तेही सेकंदाला ३० वेळा. स्क्रीनवर आपला काड्यांचा माणूस चालताना दिसतो.

पहिल्या दिवशी मात्र काही जमलं नाही. मी सलवार-कमीज घालून गेलेले, त्या घोळात गुडघा कुठे आहे तेच त्याला सापडेना आणि मधेच कुबडीलाच पाय समजायचा, काडीमाणसाचा डावा पाय टुणकन बाजूला उडायचा. शिवाय खिडकीतून ऊन, उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्यानेही कॅमेरा गोंधळायचा. मग दुसऱ्या दिवशी अंगाबरोबरची ट्रॅकपँट, ओढणी नाही, पडदे बंद. कॅमेऱ्याला साधारण चारेक मीटरपर्यंतच नीट दिसतं, म्हणजे माझी जेमतेम चार-पाच पावलं, त्यामुळे तेच अंतर आठ वेळा चालायला लावलं, मधे खुर्चीवर बसवून. तळहात लाल झाले होते अगदी.

मग त्या फिजिओ मुलीने रेकॉर्डिंग थांबवून विचारलं, "काकू, खांदे कानाला का टेकवलेत?" बघते तर खरंच! कुबड्या माझ्यासाठी उंच होत्या आणि मी काखेत लटकून चालत होते. हाताला मुंग्या येतात ते मी आठवडाभर झोपेवर ढकलत होते, ते काखेतली नस दबल्यामुळे होत होतं. तिने बटण दाबून दोन भोकं खाली घेतल्या, काखेखाली दोन-तीन बोटं जागा, मूठ मनगटाच्या रेषेत, कोपर थोडं वाकलेलं. परत चालले तर काडीमाणसाचे खांदे खाली आलेले, मला रडूच आलं.

एक गोष्ट कॅमेऱ्याला कळत नाही ती म्हणजे पायावर किती वजन पडतंय. मला २० किलोपर्यंत सांगितलेलं, पण २० किलो म्हणजे किती हे पायाला कसं कळणार, त्यासाठी साधा वजनकाटाच. काट्यावर डावा पाय, उजव्या पायाखाली तेवढ्याच उंचीची फळी, काटा २० वर येईपर्यंत दाबायचं, डोळे मिटून परत दाबायचं. घरी रोज दहा वेळा केलं.

तुमची अशी टेस्ट झाली तर नुसते आकडे घेऊन येऊ नका, रेकॉर्डिंग स्वतः बसून बघा आणि घरी वापरता त्याच कुबड्या घेऊन जा. माझी पुढची टेस्ट एका कुबडीवर आहे, ती उजव्या हातात धरायची, दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला, आणि तळाचं झिजलेलं रबर आजच बदलून आणलंय.